विमान जातंय, थांबा

चौतीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजात होते.
"लाईनवर राहा" म्हणायचे,
आणि माणसं राहायची.
खरखरीतून नाव वेचायचं, गाव वेचायचं,
कुणी गेल्याची बातमी असली
की आपला आवाज आपोआप खाली यायचा.
मला येतं ते एवढंच. ऐकणं.

म्हणून उलव्यात, आमच्या सोसायटीत,
वही माझ्याकडे आली.
दोनशे पानी. पहिल्या पानावर श्री.
तारीख, वेळ, किती सेकंद, काय अडलं.
'काय अडलं' हा रकाना माझा.
भोईर सर म्हणाले, तिथे डेसिबल लिहा.
डेसिबल मोबाईल लिहितो. मी लिहिलं:

मंगळवार, पहाटे चार पन्नास. तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं उठलं.
सव्वापाच. तेच तान्हं.
दुपारी दोन. शाळेत पाढा सातआठेवर तुटला,
बाईंनी पुन्हा सात एके सातपासून धरला.
रात्री अकरा वीस. डॉक्टर फोनवर सुलभाताईंना
"काही नाही" म्हणाले की "काहीतरी आहे",
ते सकाळपर्यंत कळलं नाही.

पारगावच्या बारकूबाई घरत सहीला आल्या.
"मना सही नाय येत. आंगठा देतंय."
स्टँपपॅड वाळून खडखडीत.
त्यांनी गच्चीतल्या टाकीच्या झाकणावर अंगठा फिरवला
(सकाळीच पुसलं होतं मी ते)
आणि अर्जावर टेकवला.
काळा, तेलकट, रेषा न् रेषा उमटलेली.
"जवला वालत घालतंय, त्याव पन योच रंग."

माझा भाचा केतन तिथेच सामान चढवतो.
त्याने सही केली, मग खोडली,
मग रात्री परत येऊन नुसतं आडनाव लिहिलं.
आम्ही ते एक धरलं.
बंद करा, असं कुणीच लिहिलं नव्हतं.
ट्रॉलीबॅग माझ्याही पलंगाखाली आहे.
रात्री बारा ते पाच तेवढी शांतता,
शाळेच्या खिडक्यांना दुहेरी काचा,
आणि हवा मोजणारं एक यंत्र,
ज्याचा आकडा आम्हालाही दिसेल.

सुनावणी बेलापूरला.
हॉल गारेगार. पडदे जाड. काचा दुहेरी.
साहेब म्हणाले, चोवीस तासांची सरासरी मर्यादेत बसते.
बोलायचं होतं भोईर सरांनी, त्यांचा घसा ऐनवेळी बसला.
मी उठले. वही उघडली.
"मंगळवार, पहाटे चार प—"
आणि थांबले.
"बोला ना, बाई."
"विमान जातंय, थांबा."
साहेबांनी छताकडे पाहिलं.
छतावर पंखासुद्धा नव्हता.
तेवीस सेकंद झाल्यावर मी म्हटलं, "—न्नास. तान्हं उठलं. सव्वा—"
पुन्हा थांबले.
तिसऱ्या नोंदीला मागे कुणी हसलं.
पाचवीला कुणी हसलं नाही.
आठवीला टिपणं घेणाऱ्या मुलीने पेन खाली ठेवलं
आणि माझ्याबरोबर वाट पाहू लागली.
आमच्या वाट्याची सात मिनिटं होती,
त्यातली सहा मी गप्प होते.
उरलेल्यात म्हटलं,
"सरासरीत कुणी झोपत नाही, साहेब.
माणूस एकेका रात्री झोपतो."

एकवीस दिवसांनी पत्र आलं.
प्रकरण विचाराधीन.
तळाशी, वेगळ्या पेनाने:
अंगठ्याच्या ठशासाठी मान्य शाई वापरावी.
बारकूबाईंना वाचून दाखवलं.
त्या इतक्या हसल्या की ठसका लागला,
आणि तो ठसका बराच वेळ थांबला नाही.

दुसरी वही चालू आहे.
तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं आता रांगतं.
काल माझ्याकडे खेळत होतं, वाटी-चमचा घेऊन.
अचानक चमचा टाकून
त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.
मला, चौतीस वर्षं ऐकणारीला,
अजून काहीच ऐकू आलेलं नव्हतं.
मग आलं.

हे कुठल्या रकान्यात लिहू?