सहावं ठिगळ

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो.
तासगावात, खतांच्या दुकानावरच्या खोलीत
मी तो उतरवून घेते, चहा ठेवते,
आणि जुनी चौदा ठिगळं
एकेक करून त्याला लावत बसते.

उलटंच आहे हे शिवणकाम.
सदरा दर वेळी कोरा,
ठिगळ मात्र सात वर्षांपूर्वीचं,
आणि भोक कुठे होतं
ते ठिगळाच्या कडांवरून ओळखायचं.

पहिलं बसतं.
दुसरं बसतं, पण सतरा ओळी खाली सरकून,
भाड्याचं घर बदलल्यावर
पलंग दुसऱ्या भिंतीला लागतो तसं.
तिसरं बसत नाही.
ज्या फंक्शनचा हात धरून ते उभं होतं
ते फंक्शनच कुणीतरी दूरदेशी
आवराआवरीच्या भरात काढून टाकलंय.
मग जेवण राहतं.

बोर्ड पत्त्यांच्या जोडाएवढा.
बनवणारी कंपनी बुडाली, तिचा पत्ताही बुडाला,
तरी सावळजपासून कवठेमहांकाळपर्यंत
तेवीस कोल्ड स्टोरेजांत तो अजून जागा आहे.
बेदाण्याच्या खोक्यांच्या थप्पीमागे, चार अंशांत,
दर मिनिटाला सेन्सरला विचारतो :
किती?

सहावं ठिगळ रियाज मुलाणीचं.
पाचच ओळी :
सेन्सर गप्प बसला तर चाळीस मिलिसेकंद थांब,
पुन्हा विचार. तरी गप्प, तरी थांब. तीनदा.
वर कारणाच्या जागी त्याने लिहिलंय,
‘का कोण जाणे, पण याने चालतं.’
ही ओळ मी सदतीस कर्नलांमधून वाहून आणली.
आधी हसत,
मग न वाचता.

मार्चात बाळगोंडा मगदूमांचा फोन.
"मॅडम, तुमची पेटी रात्रीपास्नं मुकी झालीया.
आत तीनशे टन माल हाय.
मी किती वेळ थर्मामीटर घिऊन उभा ऱ्हाऊ?"

गेले. स्वेटर विसरले होते.
पेटी उघडली तर पिना काळ्याठिक्कर,
आणि एक वास. ओळखीचा.
शेजारच्या शेडमध्ये बेदाणा पिवळा व्हावा म्हणून
गंधकाची धुरी देतात,
तीच खोक्यांबरोबर आत येते
आणि तांबं खाते, सावकाश, हंगामागून हंगाम.

पर्समध्ये मुलीचं खोडरबर होतं,
एका बाजूने चावलेलं.
पिना घासल्या. पुन्हा जोडल्या.
पहिल्याच हाकेला उत्तर आलं :
चार पूर्णांक दोन.
मगदूम खोडरबराकडे बघत म्हणाले,
"ह्येचं बिल किती लावणार?"

रियाज हल्ली विट्यात पाण्याचे फिल्टर विकतो.
फोनवर त्याला आधी ठिगळच आठवेना.
मग म्हणाला, "अगं हां!
मला वाटायचं, सेन्सर थंडीनं दमत असेल.
दमलेल्याला कशाला घाई करायची?"

रात्री सहावं उघडलं, पुसायचं म्हणून.
कर्सर शेवटच्या ओळीपाशी लुकलुकत राहिला.
पुढच्या हंगामात पुन्हा धुरी होईल,
पिना पुन्हा काळवंडतील,
आणि मी तिथे पोचेपर्यंत
कुणीतरी तीनदा विचारायलाच हवं.
ठेवलं.
फक्त वरची ओळ बदलली :
‘कारण : गंधक. औषध : खोडरबर. तोवर : धीर.’
रियाजचं नाव तसंच राहू दिलं.

मग उगाच बाकीची चाळली.
नवव्याच्या वर काहीच लिहिलेलं नाही.
अकराव्यावर फक्त तारीख, दिवाळीतली.
कसल्या वासाची असतील ही?

चहा आटून भांड्याला लागलाय.
तिसरं अजून बसलेलं नाही.