मनुक्यांचा रस

आठ वेळा तारण झालं माझं.
पाच वेळा आग्रीपाड्याच्या मैदानात, उज्जीवन सभेत,
पाहुणे उपदेशक घसा बसेपर्यंत बोलवायचे आणि मी उठायचे;
दोनदा खंडाळ्याला, तरुण संघाच्या शेकोटीपाशी;
एकदा घरीच, मोरीत, नळ सोडून,
रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.
दर वेळी दोन आठवडे टिकायचं.
मग आईवर ओरडायचे, ऑफिसात थाप मारायचे,
आणि वाटायचं, गेलं.

पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी तीन मुद्दे सांगितले.
तिन्ही बरोबर होते.
जिना उतरेपर्यंत पुरले.

करुणाबाई ओहोळांनी काहीच विचारलं नाही.
एका रविवारी मागच्या खोलीच्या दारातून बोट वाकवलं,
"रिकामी आहेस ना? पेले पूस."

चौसष्ट पेले. अंगठ्याएवढे.
भोकाभोकांचं अ‍ॅल्युमिनियमचं तबक, एका कडेला पोचा.
कोमट पाणी, लिंबाची फोड, जुन्या धोतराचा फडका.
"नवं कापड धागे सोडतं. जुनं सोडत नाही."
शनिवारी रात्री मनुके भिजत घालायचे,
पहाटे उकळायचे, गाळायचे, साखर नाही.
"किती वेळ उकळायचे?"
"दाणा बोटात धरून बघ. साल आपणहून सुटली पाहिजे."

भायखळ्याच्या त्या खिडकीच्या उंचीवरून फ्लायओव्हर जातो.
बस गेली की तबकातले पेले किणकिणतात.
मंडळीत माणसं एकोणसाठ. बाई चौसष्टच्या चौसष्ट भरायच्या.
"उरलेल्यांचं काय?"
"कुणी आलं तर."

एकदा धीर केला.
"बाई, तुम्हाला खात्री आहे? स्वतःची?"
त्यांनी हातातला पेला उजेडात धरला.
"याला डाग राहिलाय."

अकरा वर्षं.
बाबा गेले. माझं ठरलेलं लग्न मोडलं.
कोअरमध्ये हार्मोनियमवरून भांडण झालं
आणि साळव्यांची दोन्ही कुटुंबं परळच्या मंडळीत गेली.
एक अख्खा उपवासकाळ मी देवाशी बोलले नाही,
पण शनिवारी मनुके भिजत घातले.
रागावलेल्या हातांनीही ते फुगतात.
मग पुन्हा बोलायला लागले,
आधी नुसतं मिठाबद्दल, भाड्याबद्दल,
घरातल्या माणसाशी अबोला सुटतो तसं.

पुढच्या सभेत उपदेशकांनी बोलावलं
तेव्हा मी मागे सतरंज्या मोजत होते.
उठायचं राहून गेलं.
ते लक्षात आलं घरी, भात लावताना.

गेल्या महिन्यात पाळक आणि मी माझगावला गेलो,
लहान डब्यात भाकर, बाटलीत रस, एक पेला.
करुणाबाईंना आता वार कळत नाहीत.
सुनेला त्या नर्स म्हणतात,
मला, कुठल्याशा बहिणीच्या नावाने, मार्था.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"माझं तारण झालंय का गं?"
"सकाळपासून हेच चाललंय," सून म्हणाली.
पाळकांनी घसा साफ केला.
पण बाई माझ्याकडे बघत होत्या,
पेल्यावरचा डाग बघायच्या तशा.

"झालंय."
"नक्की?"
"नक्की, बाई."

आवाज माझाच होता. मीच दचकले.
घरभर किल्ली शोधावी
आणि शेजारणीला दार उघडून देताना
ती आपल्याच मुठीत असावी, तसा.

त्यांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ चघळला.
पेला ओठाला लावला, मीच धरला, थोडा सांडला.
जीभ टाळ्याला लावून त्या गप्प राहिल्या.
खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

"मनुके कमी उकळलेस," म्हणाल्या.
सून ओशाळली.
"हो बाई," मी म्हटलं,
"पुढच्या वेळी."