हातचा

नीपरच्या काठी, पावाच्या कारखान्यात
माझं टेबल जिन्याखाली.
वीस वर्षं रजा मोजल्या:
बाळंतपणाच्या, आजारपणाच्या, दारूच्या.
आता माणसं मोजते.

नियम असा : निम्मे ठेवा, निम्मे द्या.
आमच्याकडे एकेचाळीस पुरुष.
भरती कचेरीतला पोरगा फोनवर म्हणाला,
"अर्धा तुमचाच धरा, मावशी," आणि हसला.
मीही हसले.
मग त्याच्या मागे फरशीवर कुबडी पडल्याचा आवाज आला.

भट्टीवाला झिनोवी : ठेवला.
पीठ उतरवणारे तिघे : गेले.
आता पन्नास किलोचं पोतं ओरिसिया ओढते
आणि शाळेतली संगीताची बाई,
दोघींत एक, मध्ये थांबत, शिव्या देत.
हिशेबनीस लुकियान : ठेवला.
का ते नगरपालिकेत विचारा,
त्याचा सासरा तिथेच बसतो.
मी फक्त शिक्का मारला.

तीनपैकी एकच भट्टी पेटते.
पाव महागला. पहाटे पाचला रांग लागते
आणि सहापर्यंत तिच्या दोन रांगा होतात.
"माझा तीन वर्षं खंदकात. त्याला कधी सोडणार?"
स्टेफानिया विचारते, नगराध्यक्षांच्या बंद खिडकीला.
"सोडतील की. त्याच्या जागी कोणी गेला की."
पारास्का मागून म्हणते, "कोण जाणार? माझा?"
कोणीच कोणाकडे बघत नाही.
दोघींनाही पाव मिळतो,
कालच्यापेक्षा लहान.

मंगळवारी छावणीतून फोन :
आठशे पाव आले नाहीत!
म्हटलं, पाव तयार आहेत, गार होताहेत.
ड्रायव्हर हाव्रिलोला तुम्ही काल
बसथांब्यावरून उचललंत.
"मग दुसरा पाठवा."
दुसरा यादीत आहे.
"कुठल्या यादीत?"
तुमच्या.

शाळेत शिकवलेली वजाबाकी आठवते.
एककाच्या घरात कमी पडलं
तर शेजारच्या घरातून उसनं घ्या.
शेजारी शून्य असेल
तर त्याच्या पलीकडच्या दारावर जा.
परत कधी करायचं, ते बाईंनी सांगितलं नव्हतं.

कायद्यातलं वय खाली आलंय.
माझ्या घरात एक आहे,
तिमोफी, मार्चमध्ये पंचवीस पूर्ण.
त्याला भट्टीतलं ओ की ठो कळत नाही.
'भट्टी दुरुस्ती' या रकान्यात
एक जागा रिकामी आहे.

झिनोवीचा मदतनीस काल आला होता,
हातावर भाजल्याचे डाग,
"माझं नाव लावलंत ना, बाई?"

पेन्सिल हातात आहे.
रबराची बाजू खाली.