सहा ग्रॅम

पाचवीच्या वर्गात त्या फेब्रुवारीत
खिडकीजवळच्या बाकावर एक किलो द्राक्षं वाळत होती.
चार विटा, विटांवर जाळी,
आणि समाधानच्या वळणदार अक्षरातली पाटी :
प्रयोग चालू आहे. हात लावू नये.

सावळजच्या अलीकडं आमची शाळा.
पलीकडं बागा, बागांच्या पुढं बेदाण्याची शेडं,
हिरव्या कापडाची, मजल्यावर मजला जाळ्यांची.
बाष्पीभवन हा शब्द पुस्तकात होता
आणि आमच्या घरांत तो हंगामभर राबत होता,
फक्त त्याला कुणी त्या नावानं हाक मारत नव्हतं.

नदाफ सरांनी काटा आणलेला, स्वयंपाकघरातला,
घरी न विचारता.
रोज प्रार्थना झाली की वजन.
सोमवारी हजार.
मंगळवारी नऊशे दहा.
बुधवारी आठशे तीस, गुरुवारी सातशे साठ.
"कुठं गेलं रे पाणी?" सर विचारायचे.
आम्ही सगळे एकदम छताकडं बघायचो.
छतावर पाल होती, तीही आमच्याकडं बघायची.

नव्वद, ऐंशी, सत्तर.
आता साठ, असं म्हणून धैर्यशीलनं
दोन गोट्यांची पैज लावली
आणि आलेखावर शुक्रवारचा ठिपका
गुरुवारीच देऊन टाकला,
सातशेच्या रेघेवर, फिकट पेन्सिलनं.

शुक्रवारी काटा म्हणाला : सहाशे चोपन्न.

सरांनी द्राक्षं उतरवली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली.
सहाशे चोपन्न.
शेहेचाळीस ग्रॅम जादाचे गेले.
पाण्याला एवढी घाई नसते.
मग बोटं उठली, मागच्या बाकाकडं,
नेहमी उठायची तिकडंच.
मागचा बाक म्हणाला, आईची आण.
कुणीतरी खारीचं नाव घेतलं.
सरांनी ठिपका दिला, जिथं पडला तिथं.
"रेघ खोटी काढायची नाही," म्हणाले,
"पडली तर पडली. का पडली ते शोधायचं."

तेव्हा शिवकांता उठली.
जतकडची. आई शेडवर, हंगामापुरती.
जूनला ती वर्गात नव्हती, एप्रिलला नसणार होती,
हजेरीत नाव शेवटी, वेगळ्या शाईत.
तिनं कंपास उघडली. आत कर्कटक नव्हतं, कोनमापक नव्हता,
वहीच्या कागदाची पुडी होती, ओलसर.
तेरा मणी, फुटलेले, बुरशी धरलेले.
"खाल्ली न्हाईत सर. काढली.
एक नासकं ठिवलं की शेजारचं बी जातंय.
आई दिवसभर त्येच करतीया."

सरांनी पुडी काट्यावर उलटी केली.
चाळीस.
फळ्यावरच्या तक्त्याला मग एक नवा रकाना आला,
त्याच्या डोक्यावर : काढलेले,
आणि खाली, कंसात, तिचं नाव.
तिनं ते उभ्यानंच वाचलं. परत वाचलं.
बसताना बोटं परकराला पुसली.

"उरले सहा," सर म्हणाले.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
"काट्याची चूक धरू."
आणि तेही लिहून ठेवलं : चूक, सहा.

बेदाणा झाला तेव्हा वाट्याला दहा-दहा आले.
धैर्यशीलनं गोट्या दिल्या नाहीत,
चाळीस मिळवले तर मीच जवळ होतो, म्हणाला.
शिवकांताला तिचे दहा द्यायचे राहिले.
शेड बंद झालं होतं.

मी आता तासगावात शीतगृहाच्या काट्यावर असतो.
टनांचा हिशेब.
वजनमापाचा माणूस येतो, तपासतो, शिक्का मारतो,
काट्यात चूक नाही, म्हणतो.
त्या काट्यातही नव्हती, सर.
दोन मणी होते. गुरुवारी, मधल्या सुट्टीत.
डिपिंगच्या तेलाचा वास, कडेला सुरकुत्या,
आत अजून पाणी.