तंतुकणिका

रात्रीचे पावणेदोन. परळ. चौथा मजला.
एसीचा घसा बसलाय
आणि मी एका बशीतल्या साठ हजार पेशींना
उपाशी ठेवून बसले आहे.

उपाशी म्हणजे ग्लुकोज काढून घेतलं.
बाकी मीठ आहे, ऊब आहे,
सदतीस अंश, घरच्यासारखे.
बशीवर नाव नाही. नियमच तसा.
फक्त: स्त्री, वय एकसष्ट, दंडाची त्वचा.
आईही एकसष्टची.
मुंबईत एकसष्टच्या बायका काही कमी नाहीत.

शाळेत एका मार्काला हमखास यायचं,
पेशीचे ऊर्जाघर कोणते?
पुस्तकात घेवड्याचा दाणा, आत नागमोडी घड्या.
चित्र खोटं नव्हतं,
थांबलेलं होतं.
इथे पडद्यावर त्या लाल रंग पिऊन सरपटतात,
एकमेकींना चाचपतात, जुळतात, सुटतात,
नावातच दोन्ही घेऊन,
तंतू आणि कणिका.

चौथ्या तासाला कणिका दिसेनात.
नुसते तंतू, लांबच लांब,
गोधडीच्या धावदोऱ्यासारखे
केंद्रकाला वळसा घालून गेलेले.
टंचाईत त्या चुली एकत्र करतात.
एकीचा पडदा विरलेला, दुसरीकडे थोडं जास्तीचं,
घे, म्हणतात.
(शिवाय लांब झालेलीला पेशी गिळू शकत नाही,
तेही आहेच.
माया की हिशेब, ते माझ्या प्रबंधात येत नाही.)

ताणलं की लांब होतं. तुटेपर्यंत ताणू नये.
आमच्या भाषेत स्ट्रेसला हाच शब्द आहे,
असं मी वाच्छा मॅडमना एकदा सांगितलं.
त्या म्हणाल्या, छान. स्केल बार राहिलाय.

आईचा फोन.
डायलिसिसच्या आदल्या रात्री तिला झोप नसते.
काय चाललंय? उपास. कुणाचा?
सांगितलं तसं तिला तिचं एक्स्चेंज आठवलं,
भायखळा, ट्रंक कॉलचा बोर्ड,
आणि सगळी वीज गेली ती रात्र.
"तळघरातल्या बॅटऱ्यांवर चालवलं गं. अठ्ठेचाळीस व्होल्ट.
पंखे बंद, दिवे बंद, चहाची किटलीसुद्धा.
शेजारणीची कॉर्ड माझ्या बोर्डात, माझी तिच्या.
लाइन नाही सोडली."
किती वेळ?
"लाइट येईपर्यंत."
आणि आलाच नसता तर?
पलीकडे पंख्याचा आवाज.
"मग तोडत गेलो असतो एकेक.
आधी वाढदिवसवाले. इस्पितळं शेवटी."

दुसऱ्या बशीत मी पेरॉक्साइडही टाकलं होतं,
दुष्काळात तेरावा महिना.
तिथे तंतूंभोवती गळपट्टे आवळत गेले,
मणी मणी झाले, लाल रंग फिका पडला.
विझलेल्या मण्यांवर पेशीनं खुणा केल्या,
मोडकळीला आलेल्या चाळीच्या दारांवर
म्हाडाची माणसं करून जातात तशा.
मग एक पिशवी येते, गुंडाळून नेते.
आत सगळं सुटं होतं. वाया काही जात नाही,
कुर्ल्याच्या भंगारवाल्याला विचारा.

तिसरीला मात्र परवाच थोडं पाजलं होतं.
आज तोच मारा, तरी निम्म्याहून जास्त जिवंत.
थोडं भाजलेलं लक्षात राहतं त्यांच्या.
किती थोडं,
हे कुठल्याच बशीनं आधी सांगितलं नाही.

आई अजून फोनवर आहे. बोलत नाहीये.
तिच्याकडूनच आल्यात माझ्यातल्या सगळ्या,
बापाचा यात दाणाभर वाटा नाही.
"घाल आता साखर त्यांना," ती म्हणते,
"किती वेळ ठेवशील?"

प्रोटोकॉलमध्ये साडेतीन आहे.
पावणेतीनला मी ग्लुकोज घातलं.
वहीत लिहिलं, पंचेचाळीस मिनिटं लवकर.
कारण, म्हणून एक रकाना असतो,
तो तसाच आहे.

पडद्याशी बसून राहिले.
वाटलं होतं, गोड मिळताच
ज्या त्या आपापल्या वाटेला लागतील.
लगेच एकही सुटली नाही.