घर बंद, शेजारी दिले

चौक मंडईच्या मागं, पिंजार घाटाकडं उतरणाऱ्या बोळात
एकवीस वर्षं टपाल टाकलं मी.
हा जिना मात्र कधी चढलो नव्हतो.
तेव्हा वर कापूस पिंजायचे,
पत्रं खालीच घ्यायचे, खोकत खोकत,
सही करताना भुवयांवर पांढरं.

आता जिन्याशी पाटी आहे :
‘मोहल्ल्याचं म्युझियम. किल्ली बेकरीत मागावी.’

बेकरीतला अकील किल्ली घेऊन स्वतःच आला वर,
शर्टावर मैदा.
‘पिंजारीच आम्ही,’ म्हणाला,
‘आजा कापूस उडवायचा, मी पीठ उडवतो.’

एकच खोली. एक ट्यूबलाइट, तीही विचार करून लागणारी.
गुलाबदाणी, तिची मान जरा वाकडी.
पोरींच्या शाळेचं हजेरीपुस्तक,
त्यात एका नावापुढं नुसत्या दांड्या, वर्षभर.
पुरात भिजलेलं दार, रेघ माझ्या छातीला लागते.
एक सनद : एका अंगाला फारशी, दुसऱ्या अंगाला मोडी.
त्याला फारशी येत नाही, मला मोडी.
दोघांनी मिळून शिक्का तेवढा पाहिला
आणि छान आहे म्हणालो.

भिंतीवर पिंजण, पुरुषभर उंच.
खाली चिठ्ठी, ‘हात लावू नये’.
अकीलनं लावला.
ट्यँव् –
छताला चिकटून राहिलेला कुठलातरी जुना तंतू
तरंगत खाली आला, घाई नसल्यासारखा.
बोळातून एक बाई ओरडली,
‘गादी किसकी है रे?’
‘किसीकी नहीं, खाला!’
मग मला म्हणाला, ‘दर वेळी विचारते. दर वेळी.’

खिडकीशी काचेची पेटी होती.
पेटीत एक लिफाफा,
परदेशी तिकीट, कडा उंदरानं चाखलेल्या,
अजून न फोडलेला.
मेहरुन्निसा कोकणी, दुसरा मजला, नळाजवळ.
आणि पत्त्याच्या वर, तिरक्या निळ्या पेनानं :
‘घर बंद. शेजारी दिले.’

माझा ‘घ’.
पोट फुटलेला.
त्यासाठी चांदोरीच्या शाळेत मी छड्या खाल्ल्यात.

‘आजीकडं दिलं होतं कुणी पोस्टमननं,’ अकील सांगत होता,
‘त्या हिवाळ्यात कोकणी मंडळी रात्रीतून गेली. कुठं, ते कळलंच नाही.
आजी म्हणायची, दुसऱ्याचा कागद आहे,
येतील तेव्हा देऊ.
तांदळाच्या डब्यात ठेवायची, कसर लागू नये म्हणून.
मरताना अम्मीला डबा दाखवला.
खरं तर म्युझियमची सुरुवातच ह्याची,’ तो हसला,
‘बाकी सगळं मागनं आलं.’

नियम असा होता : घर बंद तर तीन दिवस थांबा,
मग शेरा मारा, पत्र परत पाठवा.
त्या आठवड्यात वाटपच दोन दिवस झालेलं,
बोळात कुत्रीसुद्धा भिंतीकडनं चालत होती,
एका दाराच्या फटीतून हनीफाबीचा हात आला,
बांगड्या न वाजवता.
मी दिलं.
नियम मोडला की पाळला,
रिटायर होईपर्यंत ठरवलं नाही.

अकीलला सांगावं असं जिभेपर्यंत आलं.
पेटीखाली लिहिलंय, ‘अक्षर कोणाचे, माहीत नाही.’
टंकून लिहिलंय, नीट.
कुणाचं तरी काही माहीत नसणं
एवढं जपून ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

खालून खरपूस वास वर आला, अकील दचकला.
‘नानकटाई! चचा, तुम्ही बघा सावकाश.
जाताना पंखा बंद करा,
किल्ली खाली द्या. आणि वहीत अभिप्राय लिहा, हां,
महिन्यात चारच येतात.’

वहीत माझ्या आधी सातवीतल्या पोरीनं लिहिलेलं :
‘पिंजण आवडले. वाजवू दिले.’
त्याखाली मी नाव घातलं, पुंजाराम पगार.
गाव, नाशिक.
अभिप्रायाच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं.
मग जसं हजारदा लिहिलं तसंच,
उभ्या-उभ्या, तिरकं :

‘घर उघडे होते. पंखा बंद केला.
किल्ली शेजारी दिली.’