वर निळं, खाली हिरवं

सेलूला, मोंढ्यामागं, वाहेदचाचाच्या दुकानात
गल्लीचा टीव्ही होता. काळा-पांढरा.
त्यावर चाचानं परभणीहून आणलेला प्लास्टिकचा कागद:
वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा.

रविवारी त्यातून यान जायचं.
कप्तानाचं कपाळ निळं,
हातातलं यंत्र नारिंगी,
आणि बूट कायम हिरवळीत,
मग तो चंद्रावर का उतरेना.

वारं सुटलं की नुसत्या मुंग्या.
प्रल्हाद पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा.
"आलं का?"
"यायलंय, यायलंय… गेलं!"
त्या गेलेल्यात यंत्राला बटणं किती
ते कुणालाच दिसलं नाही.
मी म्हणाले तीन. कांता म्हणाली सात.
भांडण मिटंना, म्हणून
साबणाच्या डबीवर आम्ही पाच शिवली,
कांताच्या आईच्या ब्लाऊजची, टिचबटणं.
डबी उघडताना खट् वाजायची
आणि पलीकडून कुणीतरी बोलायचंच.

आता मी सिनेमांसाठी यंत्रं काढते,
अजून न आलेल्या शतकांची.
परवा एक नवा पोरगा त्याचं चित्र घेऊन आला.
"कुठं पाहिलंस हे?"
"तुमच्याच जुन्या कामात, मॅडम. जरा सुधारलंय."
पातळ, गुळगुळीत, आवाज नसलेलं.
वर निळसर, खाली हिरवट.
बटणं मोजली.
पाच.

पडद्यावरून उगाच पदर फिरवला,
मुंग्या असल्यासारखा.
म्हटलं, "बाकी राहू दे सगळं.
फक्त उघडताना
खट् वाजलं पाहिजे."